खुर्चीला कान नसतात

माणसाला पद मिळालं की तो बदलतो, असं आपण फार सहज म्हणून टाकतो. माझ्या पाहण्यातला क्रम उलटा आहे. पद मिळाल्यावर पहिले काही आठवडे तो बिचारा होता तसाच असतो. बदलतात ते भोवतालचे. काल त्याचं वाक्य मध्येच तोडणारा आज ते संपेपर्यंत थांबतो. काल ज्याला "तुला काय कळतंय त्यातलं?" असं ऐकावं लागत होतं, त्याला आज त्याच विषयावर "आपलं काय मत?" असं विचारलं जातं, आणि मत अर्धं सांगून होतंय तोच चार माना डोलू लागतात. तो गप्प बसला तर लोक म्हणतात, विचार करतोय. पूर्वी त्याच गप्प बसण्याला ते "याचं लक्षच नाही" म्हणायचे. हे सगळं काही महिने सोसलं की कुठल्याही धडधाकट माणसाला वाटू लागतं, आपल्यात हे मुळातच असावं, लोकांच्या लक्षात यायला उशीर झाला इतकंच.

मग तो बदलतो. पण तोवर या कामात इतक्यांचा हातभार लागलेला असतो की सगळं खापर एकट्या त्याच्या डोक्यावर फोडणं काही खरं नाही.

भिंतींना कान असतात, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली तो नक्की दरबारात वावरलेला असणार. त्याच दरबारात मधोमध ठेवलेल्या खुर्चीला मात्र कान नसतात, हे त्याने सांगितलं नाही. विसरला असेल, किंवा जीव प्यारा असेल. सत्तेने माणूस बिघडतो ते खरंच, पण बिघाडाची सुरुवात काळजापासून होते असं मला वाटत नाही. आधी कान जातात. आणि कान गेल्याचं बहिऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं, कारण त्याच्या मते लोकच हळू बोलत असतात.

हसण्याचंच घ्या. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एक विलक्षण उद्योग केला. लोक रोजच्या बोलण्यात नेमके कशाला हसतात, हे त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी चोरून ऐकलं आणि टिपून ठेवलं. सुमारे १२०० वेळा हसलेलं नोंदवून झाल्यावर दिसलं ते असं, की ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेलं हसू जेमतेम १० ते २० टक्के. बाकीचं हसू "बरं, भेटू मग" किंवा "मला आता निघायला हवं" असल्या निरुपद्रवी वाक्यांवर होतं. एकटं असताना माणूस जितका हसतो त्याच्या कितीतरी पट चारचौघांत हसतो, हेही त्यालाच दिसलं. थोडक्यात, विनोद हे हसण्याचं एक किरकोळ निमित्त आहे. आपण समोरच्या माणसाला हसतो, त्याच्या वाक्याला नव्हे.

हे एकदा कळलं की साहेबांच्या विनोदावर उसळणाऱ्या हास्याचं कोडं सुटतं. ती हजेरी असते. गंमत एवढीच की हजेरी घेणारा तिला गुणपत्रिका समजतो. आणि हसणारेही ढोंगी नसतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बहुतेकांना त्या क्षणी तो विनोद खरोखरच बरा वाटतो. माणसाची लाचारी इतकी तरबेज आहे की ती आधी मालकालाच फसवते.

या साऱ्यात सत्ताधाऱ्याचं जे नुकसान होतं त्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्याला खरी टीका मिळत नाही, हे सगळेच सांगतात. त्याला खरी स्तुतीही मिळत नाही.

सिसिली बेटावरच्या सिराक्यूजमध्ये डायोनिसियस नावाचा सत्ताधीश होऊन गेला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. सैन्य, तटबंदी, आरमार, सगळं भक्कम. पण माणसाला कविता सुचायच्या. राज्यकर्त्याला असू नयेत अशी जी काही व्यसनं आहेत त्यांत मी हे बरंच वर ठेवीन, कारण दारुड्या राजापुढून दरबाऱ्याला हळूच सटकता येतं, कविता वाचणाऱ्या राजापुढे बसावंच लागतं. तर एकदा त्याने फिलॉक्सेनस नावाच्या खऱ्याखुऱ्या कवीला आपल्या रचना ऐकवल्या आणि मत विचारलं. फिलॉक्सेनसने मत दिलं. त्याची रवानगी दगडाच्या खाणीत झाली. मित्रांनी रदबदली केली, कवी सुटून आला, पुन्हा मैफल भरली, पुन्हा वाचन झालं, पुन्हा विचारणा झाली: आता कसं वाटतं? फिलॉक्सेनस उठला आणि पहारेकऱ्यांना म्हणाला, "चला, मला परत खाणीत घेऊन चला." कथा सांगते की त्या वेळी डायोनिसियसही हसला.

हा किस्सा बहुतेक ठिकाणी इथेच थांबतो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. आयुष्यभर अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवायचं म्हणून धडपडलेल्या डायोनिसियसला इसवी सनपूर्व ३६७ मध्ये खरोखरच पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी तो वारला. आनंदाच्या भरात प्यायलेल्या दारूने गेला, अशीही एक गोष्ट आहे. पण नेमक्या त्याच सुमारास अथेन्सला त्याच्याशी सलोखा हवा होता. त्याला अथेन्सचं नागरिकत्व बहाल झालं होतं, तहही ठरला होता. मग बक्षीस नाटकाला मिळालं की आरमाराला? कदाचित नाटक खरंच चांगलं असेल. आज ते सांगता येत नाही, पण खुद्द त्यालाही ते कधीच सांगता आलं नसतं. एवढ्या मोठ्या राज्यात त्याच्या कवितेबद्दलचं भरवशाचं मत एकाच माणसाकडे होतं, आणि त्याला तो खाणीत पाठवून बसला होता.

फिलॉक्सेनसचं नशीब थोर म्हणायचं. अलेक्झांडरच्या क्लायटसचं तसं नव्हतं.

क्लायटस हा जुना सरदार. अलेक्झांडरला तान्हेपणी सांभाळणारी दाई ही त्याची बहीण. इसवी सनपूर्व ३३४ मध्ये ग्रॅनिकस नदीकाठी अलेक्झांडरच्या डोक्यावर घाव पडणार तेवढ्यात हाच क्लायटस मध्ये पडला, म्हणून पुढचा जगज्जेता शिल्लक राहिला. सहा वर्षांनी समरकंदला मेजवानी चालली होती. भाटांची चढाओढ सुरू होती. अलेक्झांडरपुढे त्याचा बाप फिलिप म्हणजे काहीच नव्हे, इथपर्यंत मजल गेली. क्लायटसला राहवलं नाही. तो म्हणू लागला की हे विजय तुझ्या एकट्याचे नाहीत, तुझ्या बापाने घडवलेल्या माणसांचे आहेत. शब्दाने शब्द वाढला. मंडळींनी त्याला ओढत बाहेर काढलं. आणि इथे माणसाचा स्वभाव बघा, तो दुसऱ्या दाराने परत आत आला. भांडणातलं सगळ्यात झोंबणारं वाक्य नेहमी बाहेर पडल्यावर सुचतं, आणि ते वाया घालवणं भल्याभल्यांना जमत नाही. अलेक्झांडरने पहारेकऱ्याच्या हातातला भाला घेतला आणि वाचवणाऱ्यालाच मारून टाकलं.

शुद्धीवर आल्यावर त्याला इतका पश्चात्ताप झाला की तो दिवसचे दिवस तंबूत पडून राहिला. अन्न नाही, पाणी नाही. शेवटी त्याला उठवायला अ‍ॅनाक्सार्कस नावाचा तत्त्वज्ञ आत गेला. त्याने केलेलं सांत्वन अजोड आहे: देवांचा राजा झ्यूस, त्याच्या शेजारी न्यायदेवता बसते ती कशासाठी? राजा जे करील ते न्याय्यच ठरावं म्हणून! अलेक्झांडर उठला. खरं बोलणारा मित्र गेला होता, आणि जे झालं ते कसं बरोबरच होतं हे पटवणारा विद्वान हाताशी होता. शहाणपण भाड्यानेही मिळतं. भाडं वेळेवर पोचलं तर ते हव्या त्या निष्कर्षापर्यंत नेऊनही सोडतं.

पण क्लायटसला मी हुतात्मा म्हणायला तयार नाही. तो प्यायलेला होता, भरल्या सभेत बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात स्वतःच्या मनातली जुनी सल पुरेपूर होती. खरं बोलण्यामागे दर वेळी समोरच्याचं भलं असतंच असं नाही. "मी आपला स्पष्टवक्ता आहे, कुणाला आवडो न आवडो," असं सांगत फिरणाऱ्यांकडे जरा लक्ष देऊन पाहा. यांचा स्पष्टपणा पाण्यासारखा असतो, कायम उताराकडे वाहतो. हाताखालच्याला, धाकट्या भावाला, सुनेला, नवख्याला हे सगळं तोंडावर सांगतात. वरच्या माणसापुढे उभे राहिले की यांना एकाएकी प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू दिसू लागतात. तेव्हा स्पष्टवक्तेपणा ही अनेकदा सत्तेचीच एक हौस असते, धाडसाचं सोंग घेतलेली.

मग खरं बोलणं जमतं कुणाला? मला आठवतात ते रामशास्त्री प्रभुणे. थोरल्या माधवराव पेशव्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विशीच्या आसपासचा हा कर्ता पेशवा जपजाप्य, स्नानसंध्या यांत वेळ घालवू लागला आणि कारभाराची माणसं ताटकळू लागली. शास्त्रीबुवा एकदा भेटीला आले, पेशवे जपात गर्क, ते परत गेले. दुसऱ्या दिवशी आले ते निरोप घ्यायला. काशीला जातो, आज्ञा असावी. कशासाठी? तर आपल्यालाही ब्राह्मणाचं कर्मच करायचं असेल तर चला, दोघंही गंगेकाठी बसू. आणि या गादीवर बसायचं असेल तर रयतेचं काम हेच आपलं कर्म. परंपरा सांगते की माधवरावांनी ऐकलं.

लहानपणी या गोष्टीतून आपल्याला कर्तव्याचा धडा दिला गेला. आता मला तिच्यात वेगळंच काही दिसतं. शास्त्रीबुवा उपदेश करायला आले नव्हते, निघायला आले होते. "हे सुधारा, नाहीतर मी जाईन" अशी धमकीही नव्हती. सामान बांधून झालं होतं, आणि निघता निघता खरं सांगितलं. पुढे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर याच माणसाने रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून चालू लागले. तेव्हा ती काशीची गोष्ट नाटक नव्हती, हेही सिद्ध झालं. खाणीत परत जायला तयार झालेला फिलॉक्सेनसही त्याच जातीचा. ज्याचं तुमच्यावाचून काही अडत नाही, त्याच्याच होकाराला किंमत असते, कारण नकार देणं त्याला परवडणार असतं.

आणि हे खरं असेल तर घरातल्या आणि कचेरीतल्या बहुतेक होकारांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. मुलं घर सोडून जाऊ शकत नाहीत, हाताखालची माणसं नोकरी सोडून जाऊ शकत नाहीत, नातेवाईक तर मेल्यावरही जात नाहीत. मैत्री हे एकच नातं असं आहे की ज्याला ना रक्ताची गाठ ना कागदाची. कुठल्याही दिवशी उठून जाता येतं. तरीही एखादा वर्षानुवर्षं बसून राहतो, तुमचा चहाटळपणा सोसतो, तुमच्या नव्या योजनेला "हे काही चालायचं नाही" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तर त्याच्या त्या येण्याचा अर्थ काही वेगळाच असतो.

मात्र सत्ता जवळ आली की हे नातंही आधी आपला आकार बदलतं. अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीवर लिहिताना एक मोठा खोचक प्रश्न विचारला आहे. मित्राचं अत्यंत भलं व्हावं असं आपण म्हणतो, पण तो देव व्हावा असं आपल्याला खरोखर वाटेल का? कारण तो देव झाला तर आपला मित्र उरणार नाही. अंतर फार वाढलं की मैत्री टिकत नाही. याच अ‍ॅरिस्टॉटलने कोवळ्या वयातल्या अलेक्झांडरला शिकवलं होतं, आणि त्याच्याच नात्यातला कॅलिस्थेनिस पुढे अलेक्झांडरपुढे लोटांगण घालायला नकार देऊन शेवटी त्याच्याच कैदेत संपला. तेव्हा हा प्रश्न निव्वळ पुस्तकी म्हणून सोडून देता येत नाही.

अ‍ॅरिस्टॉटल देवांबद्दल बोलत होता. आपलं एवढ्यावर येतच नाही. मित्राला बढती मिळाली तरी आपल्याला आनंद होतो आणि त्या आनंदात एक बारीकसा खडा लागतो. मित्राने मोठं व्हावं ही इच्छा प्रामाणिक असते, फक्त त्याने आपल्याहून एक पायरी खाली थांबावं अशी पुरवणी जोडलेली असते. ही पुरवणी कुणी मोठ्याने वाचत नाही. संकटात धावून येतो तो मित्र, असं म्हणतात खरं. पण संकटात शेजारीही येतात, त्यात थोडी करमणूकही असते. मित्राच्या यशाच्या दिवशी मनापासून धावत जाणं हे त्याहून अवघड काम आहे.

अंतराची जाण वेळेवर असलेला एक माणूस इंग्लंडात होऊन गेला, थॉमस मोर. राजा आठवा हेन्री त्याच्या घरी न कळवता जेवायला यायचा, बागेत त्याच्या गळ्यात हात टाकून तासभर हिंडायचा. जावई भारावून गेला. सासऱ्याचं अभिनंदन करू लागला. मोर त्याला म्हणाला की राजाची मर्जी आहे खरी, पण माझ्या डोक्याच्या बदल्यात फ्रान्समधला एखादा किल्ला मिळत असेल तर हे डोकं उतरायला वेळ लागणार नाही. १५३२ मध्ये त्याने प्रधानपद सोडलं, राजाच्या धोरणाला होकार मात्र दिला नाही, आणि ६ जुलै १५३५ ला डोकं गेलंच, तेही किल्ल्याशिवाय. वधस्तंभाच्या डळमळत्या पायऱ्या चढताना तो अधिकाऱ्याला म्हणाला, "वर चढायला तेवढा हात द्या, उतरताना माझं मी बघून घेईन." गळ्यातला हात कुणाचा आहे आणि तो कधी आवळेल, हे ज्याला आधीच ठाऊक होतं, तोच अशा पायरीवर थट्टा करू शकतो.

लोकांना अर्थात असले शेवट आवडत नाहीत. म्हणून लोकांनी बिरबल रचला. खरा बिरबल, म्हणजे महेशदास, अकबराच्या दरबारातला खरोखरच लाडका माणूस होता. पण १५८६ मध्ये युसुफझाई पठाणांवरच्या मोहिमेत बरोबरीच्या सरदारांशी त्याचं पटेना, आणि स्वातच्या डोंगरात फौजेची दाणादाण उडाली त्यात तो मारला गेला. बादशहाने त्याचा फार शोक केला. गोष्टींतल्या बिरबलाला मात्र मरण नाही. तो रोज बादशहाला चूक दाखवतो, रोज बक्षीस घेतो. लोकांनी त्या गोष्टींत बिरबलाच्या पदरात चातुर्य टाकलं असं आपण समजतो. मला वाटतं, त्यांची खरी कल्पनाशक्ती बादशहावर खर्च झाली आहे. चूक दाखवल्यावर हसणारा, शरमणारा आणि गळ्यातला हार काढून देणारा बादशहा! हुशार माणसं प्रत्येक गावात असतात. असा बादशहा शोधायला गोष्टच लिहावी लागते.

राजेरजवाड्यांबद्दल बोलणं सोपं असतं, कारण त्यात आपण नेहमी बिरबलाच्या बाजूला बसतो. खरं म्हणजे दिवसातून काही काळ प्रत्येक जण कुठल्या तरी दीडवीत राज्याचा बादशहा असतोच. जेवणाच्या पानावर बसलेला बाप, गटातून कुणाला काढायचं ते ठरवणारा व्हॉट्सअ‍ॅपचा अ‍ॅडमिन, हातात खडू असलेला मास्तर, तपासताना मान वर न करणारा डॉक्टर, खिडकीपलीकडे शिक्का घेऊन बसलेला कारकून. सत्तेची मात्रा किती थोडी पुरते यावर अ‍ॅडम गॅलिन्स्की नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही जणांना फक्त आठवायला सांगितलं की तुमचा कुणावर तरी अधिकार चालला होता असा प्रसंग लिहा. बाकीच्यांना उलट, दुसऱ्याचा तुमच्यावर चालला होता असा. मग सर्वांना म्हटलं, आता स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ई हे मोठं अक्षर काढा. समोरच्याला उलटं दिसेल असं, म्हणजे स्वतःच्या बाजूने सरळ अक्षर काढणारे पहिल्या गटात जवळजवळ तिप्पट निघाले. एका प्रयोगावर माणसाच्या स्वभावाचा निकाल लावू नये, हे मान्य. पण नुसत्या आठवणीने हे होत असेल तर प्रत्यक्ष शिक्का हातात असलेल्यांच्या कपाळावर काय काय लिहिलेलं असेल, आणि ते वाचणारे किती जण गप्प बसत असतील.

माझं राज्य म्हणाल तर हे असे लेख. इथे मी म्हणेन तेच खरं असतं आणि कुणी मध्ये बोलत नाही. माझ्या एका जुन्या मित्राला मात्र मी काय लिहितो याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला माझ्याकडून काही नको असतं, आणि तो ते वारंवार बोलूनही दाखवतो. त्याला हा लेख फोनवर वाचून दाखवला. डायोनिसियसला तो हसला. क्लायटसच्या वेळी पलीकडून काहीतरी शोधत असल्याचा आवाज येत होता. बिरबलाचा परिच्छेद संपल्यावर म्हणाला, "हा कापून टाक, उगाच घातलायस." मी त्याला बिरबलाची कशी गरज आहे ते सविस्तर सांगू लागलो. त्याने मला पूर्ण बोलू दिलं, जे तो एरवी कधी करत नाही, आणि मग म्हणाला, "ठेव तर मग."

ठेवला आहे.